दुसरा लाल

बावीस वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकही काम परत आलं नव्हतं, ते आज आलं, आणि तेही बिडीच्या लेबलापायी. चंद्रभान बिडीवाला संध्याकाळी छापखाना बंद व्हायच्या वेळेला आला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला गप्प कसं करायचं ते मला येतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, पाच मिनिटं बाहेर चालता का जी? एक चीज दाखवाची हाय," आणि मला सदरच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी घेऊन गेला. ठेल्यावर नवीकोरी ट्यूब लागली होती. चंद्रभाननं खिशातून दोन लेबलं काढली, एक त्याचं जुनं आणि एक मी मागच्या आठवड्यात छापून दिलेलं, आणि पानवाल्याच्या पितळी पत्र्यावर शेजारी-शेजारी ठेवली. "आता पहा." मी पाहिलं. खिडकीत उभं राहून ज्या दोन लालांमध्ये मी केसाचाही फरक सोडला नव्हता, ते ट्यूबखाली एकमेकांना ओळख देत नव्हते. जुनं तसंच गडद, डाळिंबाच्या दाण्याकडचं, आणि माझं उघडं, पिवळट, जास्वंदीकडे झुकलेलं. पानवाला म्हणाला, "गिऱ्हाईक बंडल वापस करून राहिले ना मास्तर. म्हणते हे आपली सूप छाप नोहे, नकली हाय." लेबलाचं मला काही वाटलंच नाही, खोटं कशाला सांगू. मला आठवलं ते बारा वर्षांपूर्वी अशाच एका ट्यूबखाली पाहिलेलं कापड.

मी लेबलांची चित्रं काढतो आणि शाई कालवतो. मशीन चालवणारे दुसरे, मालक मनोहरराव दुसरे, पण रंग ठरवायचा तो मी. बिडी ओढणारा माणूस वाचत नाही. त्याला सुपाचं चित्रही दिसत नाही, त्याला लाल दिसतो, आणि तो लाल जरा इकडे-तिकडे झाला की त्याला बिडीची चवसुद्धा वेगळी लागते. म्हणून माझी किंमत. जुन्या लालाची शाई कंपनीनं बंद केली, तिच्या जागी दोन नवे लाल पाठवले, आणि मी दोन दिवस उत्तरेच्या खिडकीत बसून त्या दोघांची भेळ करत जुन्या लेबलाशी जुळवत होतो. जुळलं तेव्हा मनोहररावांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. "याले म्हणते डोळा," म्हणाले. डोळा हा माझा नाही, धोंडबाचा. धोंडबा म्हणजे माझ्या आधीचे शाईवाले, मला शिकवलं ते त्यांनीच, आणि शिकवताना मारलंही. त्यांचे कायदे होते. ओल्या शाईवर बोलू नये, वाळू द्यावी. दिव्याखाली रंग पास करू नये. रागात करू नये, उपाशी करू नये. आणि एक कायदा ते सगळ्यात शेवटी सांगत, तंबाखूची पिंक टाकून झाल्यावर: "वामन्या, माणसाले जो रंग पायजे असते ना, तोच दिसते. म्हणून आपल्याले कोणताच रंग नको पायजे." तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, हसलो होतो.

सदरहून निघालो तो सायकल हातात धरून पायीच निघालो. दोन्ही लेबलं चंद्रभानकडून मागून घेतली होती. तो म्हणाला, "पुन्हा छापून द्या, झालं. चूक कोणाची होत नाही जी?" फार भला माणूस. पण माझ्या डोक्यात रविवार होता. रविवारी गिरिधर येणार आहे. गिरिधर म्हणजे माझ्या बहिणीचा, पुष्पलताचा नवरा, कुहीला धानाची शेती करतो. पुष्पा बारा वर्षांपूर्वी, होळीच्या दोन दिवस आधी, कुहीच्या घरातून लाल लुगडं नेसून, सासूला "माहेरी जाते" असं सांगून निघाली, ती नागपूरला पोचली नाही. कुठेच पोचली नाही. आपल्यात जो हरवला त्याची बारा वर्षं वाट पाहतात, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि त्याचं जे करायचं ते सगळं करतात. गिरिधर त्यासाठीच मागच्या आठवड्यात येऊन गेला. आठ वर्षं थांबून त्यानं दुसरं लग्न केलं, दोन पोरं आहेत, पण ओट्यावर बसला तेव्हा आमचा जावईच होऊन बसला. आईला म्हणाला, "आई, बारा वर्षं झाले. तिले कोणी पाणी नाही देल्लं. ती जित्ती असन तं माफ करन मले. नसन तं तहानली असन." आईनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "माह्या वामननं कापड पाहून सांगितलं, ते आपल्या पुष्पीचं नोहे. त्याचा डोळा चुकत नाही. वामन म्हणन तं करू." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, रविवारी सांगतो. म्हणजे पाहा, बाई जिवंत ठेवायची की मारायची हे एका शाईवाल्यानं ठरवायचं.

ते लुगडं मीच आणलं होतं. पासष्टच्या दिवाळीत, भाऊबिजेसाठी, सीताबर्डीच्या एका दुकानातून. पुष्पा बाळंतपणाला घरी आली होती, सातवा सरून आठवा लागला होता, आणि तिला लालच पाहिजे होतं. दुकानदारानं दोन लुगडी टाकली. तोच पोत, तेच काठ, दोन्ही लाल. मी विचारलं यात फरक काय, तर तो म्हणाला, "काहीच नाही जी, एकाच गठ्ठ्यातले." मला राग आला. फरक नाही म्हणणाऱ्या माणसाचा मला नेहमीच राग येतो. मी दोन्ही उचलली आणि दुकानाबाहेर भर रस्त्यात जाऊन उन्हात धरली. माणसं थांबून पाहायला लागली, दुकानदार मागून "अहो साहेब" करत आला. उन्हात फरक स्वच्छ होता. एकात पिवळा लपलेला होता, एकात निळा. पिवळ्याचा लाल अंगावर ओरडतो, निळ्याचा लाल खोल असतो, तो गोऱ्या-सावळ्या कोणालाही शोभतो. तरी मी ठरवायला वेळ घेतला. सावलीत नेलं, पुन्हा उन्हात आणलं. निळ्याचं घेतलं, पिवळ्याचं परत केलं. घरी येऊन सगळी कथा सांगितली तेव्हा पुष्पा हसून हसून खाली बसली, पोट धरून म्हणाली, "दादा, एवढं पाहून तं तू बायको नाही करशीन." भाऊबिजेला ते नेसून तिनं मला ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात तो रंग कसा दिसला ते मी आजही कालवून दाखवू शकतो.

मूल डिसेंबरात झालं, नऊ दिवसांनी गेलं. त्यानंतर ती बोलायची कमी झाली. माघात गिरिधर येऊन घेऊन गेला. मग एक कार्ड आलं: "दादा, चार दिवस घेऊन जा. इकडं मन लागून नाही राहिलं." एवढंच. खाली आईला नमस्कार. छापखान्यात तेव्हा रंगपंचमीच्या पुड्यांची लेबलं चालली होती, हिरवी, गुलाबी, जांभळी, रोज बारा तास. मी उत्तर टाकलं, होळीनंतर येतो. चार दिवसांसाठी कुही काही लंडन नव्हती. सकाळच्या मोटारनं जाऊन संध्याकाळच्या मोटारनं आणता आली असती. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, मोजलं नाही. होळी आली त्याच्या आत ती निघाली होती, आणि होळीनंतर मी गेलो तो तिला शोधायला गेलो.

अठराव्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. नदीत एक बाई सापडली होती, खूप दिवस पाण्यात होती, चेहरा राहिला नव्हता, माती देऊनही झाली होती. अंगावरचं कापड तेवढं ठेवलं होतं. नागपुरातल्याच एका सरकारी इमारतीत, आतल्या खोलीत, जिथे दुपारी दोन वाजताही बत्ती लावावी लागे. गिरिधर आणि मी. एका शिपायानं कागदाचं पुडकं सोडलं आणि हातभर तुकडा टेबलावर पसरला. वर ट्यूब होती, तिचा एक टोकाकडचा भाग फडफडत होता. वास होता, औषधाचा आणि त्याखालचा. गिरिधरनं पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "मले तं तिचंच वाटून राहिलं." मी वाकलो. तुकडा पिवळट लाल होता. उघडा, फिका. आणि मला एकदम ते दुसरं लुगडं आठवलं, जे मी दुकानात परत केलं होतं. मला काय झालं ते सांगतो. आनंद झाला. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला कधी झालेला नाही. मी म्हणालो, "नाही. हे ते दुसरं. हे मी सोडून दिलं होतं, हे दुसऱ्या कोणी घेतलं असेल." गिरिधर म्हणाला, "भाऊ, नीट पहा जी." मी त्याला म्हणालो, "तुम्हाला रंगातलं काय कळतं?" असाच म्हणालो, तोडून. त्या शिपायाला बिचाऱ्याला दया आली असावी, तो म्हणाला, "बाहेर उजेडात नेऊन पाहून घ्या ना साहेब, मी येतो संगं." दार सहा पावलांवर होतं. दाराबाहेर चैताचं ऊन पडलेलं मला दिसत होतं. मी म्हणालो, "गरज नाही. मी रंगाचाच माणूस आहे." त्यानं लिहून घेतलं, आम्ही सह्या केल्या. बिडीच्या लेबलासाठी दोन दिवस खिडकीत बसणारा मी, बहिणीसाठी सहा पावलं चाललो नाही.

आणि मग त्या दुसऱ्या लालानं मला सोडलं नाही. कोणीतरी ते लुगडं नेसून नदीत गेली, ती माझी बहीण नव्हती, ठीक. पण मग माझी बहीण निळ्याच्या लालात कुठेतरी असली पाहिजे. मी बाजारात माणसं पाहायचं सोडून दिलं, लुगडी पाहायला लागलो. एकदा बर्डीच्या गर्दीत एक पाठ दिसली, तोच खोल लाल, तोच काठ, चालही तशीच, पाय जरा बाहेर टाकणारी. मी तिच्यामागे व्हेरायटी चौकापर्यंत गेलो. ती थांबली, वळली, पन्नाशीची बाई होती, म्हणाली, "काहून माह्या मागं येऊन राहिले गा तुम्ही?" लोक जमले. मी म्हणालो, ओळखीच्या वाटल्या. असं चार वेळा झालं. आणि उलटंही व्हायचं, कुठे पिवळट लाल दिसला की मी रस्ता बदलायचो. छापखान्यातही पिवळट लालाचं काम आलं की मी ते शाईच्या डब्यासकट दुसऱ्याकडे सरकवायचो. कशाचं भय वाटत होतं हे मला तेव्हा समजत नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं.

घरी आईचं निराळंच. दर भाऊबिजेला ती मला सांगायची, "पुष्पीची ओवाळणी राहाले नको," आणि मी जाऊन एक लाल लुगडं आणायचो. बारा झाली. पेटीत घड्या करून ठेवलेली, डांबराच्या गोळ्या टाकून. दरवेळी मी तोच लाल शोधायचो, उन्हात उभा राहायचो, आणि कुठलाच तो नसायचा. दुकानदार मला ओळखायला लागले होते, लांबून येताना पाहून नोकराला म्हणायचे, लालाचे गठ्ठे काढ, मास्तर आले. माझं लग्नही असंच राहिलं. पुष्पा गेली तेव्हा मी एकतीसचा होतो, बहिणीचं आधी म्हणून थांबलेला. दोन-तीन स्थळं आली, आई म्हणायची, "करवलीशिवाय कोण्या घरी लग्न होते गा? ती येऊ दे." नवऱ्या मुलाच्या मागे बहीण उभी लागते, खरं आहे. मीही जोर केला नाही. चुलत-मावस बहिणी होत्या की, कोणीही उभी राहिली असती. पण दुसरी करवली उभी केली असती तर ती येणार नाही हे आम्हीच बोलल्यासारखं झालं असतं. आज मी त्रेचाळीसचा आहे.

कस्तुरचंद पार्कच्या बाजूनं येताना अंधार पडला होता, सातचा सुमार असेल. मी एक वेडेपणा केला. खिशातून ती दोन लेबलं काढली आणि जिथे बत्ती दिसेल तिथे थांबून धरायला लागलो. रस्त्याच्या पिवळ्या बल्बखाली दोन्ही सारखी. शेंगदाणेवाल्याच्या गॅसबत्तीखाली सारखी, उलट माझंच जरा बरं. बर्डीच्या एका कपड्याच्या दुकानात ट्यूबांची रांग होती, तिथे पुन्हा वेगळी, दोन अनोळखी माणसं. पुढे मिठाईच्या दुकानात बल्ब, पुन्हा सख्खी. मिठाईवाला म्हणाला, "काय पायजे जी?" मी म्हणालो, काही नाही. तो माझ्या हातातल्या बिडीच्या लेबलांकडे पाहत राहिला. मी पुन्हा मागे जाऊन ट्यूबखाली उभा राहिलो. माझा डोळा, माझा डोळा म्हणून बारा वर्षं ज्यावर घर उभं केलं तो डोळा काहीच ठरवत नव्हता, बत्ती ठरवत होती. त्या आतल्या खोलीत निळ्याचा लाल पिवळट दिसला असेल. दिसला असेलच. दार सहा पावलांवर होतं. सायकल स्टँडवर लावून मी दुकानाच्या पायरीवर बसलो. एका बाईला कुठल्याशा नदीकाठी अनोळखी म्हणून मातीत घातलं, आणि तिच्या भावानं त्यावर सही केली.

बसल्या बसल्या मनात आलं, कशाला सांगायचं? चंद्रभानचं लेबल मी पुन्हा छापून देईन, कोणाला कळणार नाही. रविवारी गिरिधरला सांगेन, माझा डोळा चुकत नाही. तो मान खाली घालून कुहीला जाईल. आई सत्तरीची आहे. तिच्या हातून दिवाळीत एक पणती जास्त लागते, पानात एक करंजी जास्त पडते, यानं कोणाचं काय जातं? सांगितलं तर तिची मुलगी आज मरणार, माझ्या तोंडून. न सांगितलं तर ती तहानलेली राहणार, तीही माझ्याच तोंडून. गिरिधरनं तो एक शब्द बोलायला नको होता. मी देवधर्म फारसा मानत नाही, पितरांचं पाणी वगैरे मला थोतांड वाटतं, पण पुष्पा तहानलेली आहे हे त्यानं म्हटल्यापासून मला धड पाणी गिळवत नव्हतं. पेला तोंडाला लावला की ती समोर बसल्यासारखी वाटायची. उठलो आणि गणेशपेठेकडे चालायला लागलो.

आई आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "उशीर केला गा आज?" मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सायकलच्या क्लिपा पायाला तशाच होत्या. मी तिला सगळं सांगितलं, अगदी लेबलापासून. खिडकीतला उजेड कसा, ट्यूबचा उजेड कसा, एकच लाल दोन ठिकाणी दोन कसा होतो. ती निवडत राहिली. मग मी त्या खोलीचं सांगितलं. ट्यूब फडफडत होती ते सांगितलं, शिपाई बाहेर चला म्हणाला होता आणि मी नाही म्हणालो तेही सांगितलं. हे मी तिला बारा वर्षांत सांगितलं नव्हतं. "आई," मी म्हणालो, "माझा डोळा चुकला असेल. ते कापड पुष्पाचं असेल."

तिनं एक खडा उचलून बाजूला ठेवला. "बत्तीचं मले काही समजत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे ट्यूबखाली रंग बदलतो..."

"ते नाही म्हणत मी. त्या लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला होता गा."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. ती तशीच, खाली पाहत, सांगत गेली. "भाऊबीज झाली, मंग चौथ्या-पाचव्या दिवशी मी धुतलं. बादली लालभडक झाली. तू छापखान्यात होता. पुष्पी पाहून पयले हसली, मंग घाबरली. म्हणे, आई, दादाले सांगू नको वं. एवढा उन्हात उभा राहून आणलं त्यानं, त्याले लय वाईट वाटन. मंग आम्ही ते मागच्या दोरीवर वाळवलं, तुह्या येण्याच्या आत घडी करून टाकलं. पार उतरलं होतं, फिकं, पिवळसर. तुह्यासमोर तिनं ते पुन्हा नेसलं का? आठव बरं. कुहीले गेली तवा घेऊन गेली. म्हणे, तिकडं कोण पायते."

मी आठवून पाहिलं. भाऊबिजेनंतर तिच्या अंगावर ते लुगडं मी पाहिलंच नव्हतं. म्हणजे माझा डोळा बरोबर होता. ट्यूब असो, ऊन असो, तो तुकडा पिवळटच होता, मी पाहिला तसाच होता. आणि तो तिचाच होता.

"मग तू बोलली काहून नाही?" माझा आवाज चढला. आईवर मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. "मी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं, तेव्हा काहून नाही बोलली?"

"तू दारातूनच म्हणाला, आई, आपलं नोहे ते. चपला बी नाही काढल्या. तुहा चेहरा असा होता, लहानपणी शाळेतून पास होऊन यायचा तसा. तुले इचारलं मी, कोणता रंग होता रे? तू म्हणाला, पिवळट. मी समजली." तिनं सूप खाली ठेवलं. "म्हटलं, उद्या सांगू. उद्या आला तं म्हटलं, परवा सांगू."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं कोणी करते का गा? मी एक-एक दिवस केला. तू बी कुठं बाहेर उजेडात गेला?"

तिनं हात पदराला पुसले, माझ्या गुडघ्यावर ठेवले, आणि म्हणाली, "गिरिधरले रविवारची वाट नको पाहू म्हण. उद्याच चिठ्ठी टाक." मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला जो मी कधी ऐकला नव्हता. नवं मरण ऐकलेली बाई रडते तशी ती रडायला लागली, पुष्पे, माह्या पुष्पे म्हणत, आणि तांदूळ सगळे सांडले. मी तिला धरलं. मला वाटतं मीही रडत होतो.

शेजारच्या खोल्यांत मागच्या वर्षी भाड्यानं आलेल्या रुखमाबाई कणकेचे हात तसेच घेऊन धावत आल्या. दारातच थबकल्या. आईकडे पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "कोण गेलं जी?"

"माझी बहीण," मी म्हणालो.

"अगं माय. कधी?"

"आज," मी म्हणालो. "आत्ताच कळलं."